दिव्यांग मुलांचं गणित: कुठलं साधन, कुणासाठी?

ब्रेल पाटीवर ३४७ आणि २८६ यांची उभी बेरीज मांडता येत नाही. पाटीत कागद अडकवून कलमाने टोचत जायचं ते उजवीकडून डावीकडे, आणि टिंबं उठतात कागदाच्या मागच्या अंगाला. काय लिहिलं ते वाचायचं तर कागद काढून उलटा करावा लागतो. सात आणि सहा तेरा, तीन खाली लिहिले, हातचा एक दशकाच्या डोक्यावर ठेवला, ही डोळस मुलाची रोजची कृती. तिला या पाटीवर जागाच नाही. मग हे मूल वर्गात मागे पडतं आणि मोठी माणसं निष्कर्ष काढून मोकळी होतात की दिसत नाही म्हणून गणित जमत नाही. न दिसणं आणि न जमणं यांच्या मधे एक चुकीची पाटी आहे, ती कुणाच्या लक्षात येत नाही. दिव्यांग मुलांच्या गणिताबद्दल माझं म्हणणं याच पाटीपासून सुरू होतं. संख्या मुलापर्यंत कुठल्या वाटेने पोचते आणि ती वाट नेमकी कुठे अडली आहे, हे आधी ओळखावं आणि मग साधन निवडावं. आपल्याकडे क्रम उलटा आहे. साधन आधी येतं, बहुतेक वेळा पेटीतून येतं, आणि मुलाची अडचण काय होती हा प्रश्न पेटी उघडल्यावरही विचारला जात नाही.

अंध मुलांच्या बाबतीत तो प्रश्न फार पूर्वी विचारला गेला, आणि विचारणारे बहुतेक स्वतः अंधच होते. निकोलस सॉन्डरसन हे इंग्रज गणिती. वर्षाचे असताना देवीच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. १७११ साली ते केंब्रिजमध्ये ल्युकेशियन प्राध्यापक झाले, म्हणजे न्यूटन ज्या पदावर होते त्या पदावर. त्यांनी स्वतःसाठी भोकांची फळी केली होती. मधल्या भोकात मोठ्या डोक्याची टाचणी असली की शून्य, लहान डोक्याची असली की एक, आणि मोठीच्या भोवती आठ दिशांपैकी कुठे लहान टाचणी आहे त्यावरून दोन ते नऊ. आपल्या अंध शाळांत वापरली जाणारी टेलर फ्रेम याच विचाराची पुढची पायरी आहे. तिच्यात आठ कोनांची भोकं असतात आणि त्यांत बसणारे खिळे. खिळ्याच्या एका टोकाला आडवी कड, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. आठ दिशा आणि दोन टोकं मिळून सोळा खुणा होतात, त्यांत दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं बसतात. उभी मांडणी जशीच्या तशी राहते, चुकलेला खिळा काढून फिरवता येतो. ती संथ आहे हे खरं, आणि वेगासाठी अबॅकस आहे. अमेरिकेतल्या टिम क्रॅनमर या अंध गृहस्थांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी अबॅकसच्या मण्यांखाली मऊ अस्तर घातलं, कारण बोटाने चाचपताना मणी घसरले तर आकडाच बदलतो. बदल एवढासाच, पण तो अडचण जिथे होती तिथे केलेला. या अबॅकसवर सात अधिक आठ करून बघण्यासारखं आहे. प्रत्येक सळईवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. सात म्हणजे वरचा मणी पट्टीला लावला आणि खालचे दोन वर सरकवले. आता आठ मिळवायचे तर तेवढे मणी शिल्लक नाहीत. आठ म्हणजे दहाला दोन कमी; म्हणून खालचे दोन परत घेतले आणि डावीकडच्या सळईवर एक लावला. डावीकडे एक, उजवीकडे पाच. हातचा म्हणजे काय हे डोळस मुलाला फळ्यावर कळतं त्याहून या मुलाला बोटांत जास्त स्पष्ट कळलेलं असतं.

पाचवी-सहावीनंतर मात्र अबॅकस पुरत नाही, आणि नेमकं इथेच आपण हात टेकतो. ब्रेलमध्ये अंकांना वेगळी टिंबं नाहीत. अंकचिन्ह लावून अ लिहिला की १, ब लिहिला की २. बेरजेपर्यंत हे चालतं, बीजगणितात अक्षरं आणि आकडे शेजारी येऊ लागले की गोंधळ होतो. अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने हा गुंता सोडवला. त्यांना तरुणपणी गणित सोडून मानसशास्त्र घ्यायचा सल्ला मिळाला होता. तो मानून पदवी घेतल्यावरही ते गणिताकडे परतले. त्यांनी अंकांची टिंबं चौकटीत एक ओळ खाली उतरवली, अपूर्णांक, घातांक, मुळं यांना स्वतंत्र खुणा दिल्या. १९५० च्या दशकात प्रसिद्ध झालेली ही नेमेथ लिपी भारतातही गणितासाठी वापरतात. भूमितीसाठी रबरी पत्र्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती उठून येते, किंवा दातेरी चाक फिरवून ठिपक्यांची रेघ काढता येते. दिल्ली आयआयटीने स्पर्शाने वाचायच्या आकृत्या छापण्याचं मोठं काम केलं आहे. बुलढाणा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर वर्तुळ शिकवायला लोणारच्या विवरासारखं उदाहरण दुसरं नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे परीघ साडेपाच किलोमीटरच्या वर. काठाची रेघ, आतल्या पाण्याची रेघ आणि व्यासाला ताणलेला दोरा असा उठावाचा नकाशा पुठ्ठ्यावर सुतळीने करता येतो. मुलाने परिघाची सुतळी सोडवून व्यासाच्या दोऱ्याशी मोजली की तीनदा पुरून थोडी उरते, आणि पाय ही संख्या त्याच्या हातात येते. डोळस मुलांनीही ती अशीच मोजलेली बरी, पुस्तकात ३.१४ वाचून ती कळत नाही. मोबाइलचाही इथे उपयोग आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारं अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक फुकट आहे, संगणकावरचं एनव्हीडीए फुकट आहे. पण पुस्तकाच्या पीडीएफमधलं समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर ही दोन्ही तिथे येऊन गप्प होतात. म्हणून बोलका फोन दिला म्हणजे गणिताचं पुस्तक दिलं असं होत नाही.

डोळे, कान, हातपाय धड असलेल्या काही मुलांची वाट वेगळ्याच ठिकाणी अडते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे; त्यात अध्ययन अक्षमता आहे आणि तिच्या व्याख्येत गणन अक्षमतेचं, म्हणजे डिस्कॅल्क्युलियाचं, नाव आहे. या मुलाला पाच आणि आठ यांतलं मोठं कोण हे चटकन जाणवत नाही, संख्यारेषेवर ४७ कुठे बसेल याचा अंदाज येत नाही. मराठीत त्याच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो. आपण बोलतो ‘त्रेसष्ट’, म्हणजे तीन आधी आणि साठ नंतर. लिहितो ६ आधी आणि ३ नंतर. ‘एकोणसाठ’ म्हणताना तर साठातून एक वजा करून बोलतो आणि लिहितो पन्नास नऊ. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा २००९ सालचा एक अभ्यास सांगतो की ऐकलेली संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी जोडलेल्या होत्या. ही सर्वसाधारण मुलं होती. मराठीत उलटापालटीच्या जोडीला शब्दही अनियमित; त्यात ऐकू कमी येणाऱ्या मुलाला एकसष्ट आणि एकाहत्तर, बहात्तर आणि ब्याऐंशी वेगळे काढायचे असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’, ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी जुने शब्द काढलेले नाहीत, नवी पद्धत मुलांच्या सोयीसाठी जोडीला दिली आहे, असं वारंवार सांगितलं. भाषेच्या प्रेमापोटी विरोध करणाऱ्यांची कळकळ खोटी नव्हती. पण त्या सगळ्या वादात गणन अक्षमता असलेलं मूल, बहिरं मूल जवळजवळ कुणाच्या बोलण्यात आलं नाही, आणि त्यांच्यासाठी ‘साठ तीन’ हे साधन आहे. कुबडी वापरणाऱ्याला कुणी चालणं बिघडवतोस असं म्हणत नाही. मूल ‘साठ तीन’ म्हणून पुढे सरकलं आणि दोन वर्षांनी ‘त्रेसष्ट’ शिकलं तर मराठीचं काही जात नाही.

अशा मुलांना लागणारं साहित्य बहुतेक जिल्हा परिषद शाळांत आहे किंवा सुट्टीच्या दिवशी घरी तयार होतं: दहा-दहा मण्यांचे दोन रंग आलटून पालटून ओवलेली शंभर मण्यांची माळ, दशकाचे दांडे आणि सुटे, साठाच्या कार्डावर शून्य झाकून तीनचं कार्ड ठेवलं की ६३ दिसेल अशी कार्डं. फरक पडतो तो ते कसं वापरतो यावर. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ साली दाखवलं की एक ते दहा आकडे एका सरळ ओळीत असलेला पट चार छोट्या बैठकांत खेळल्यावर गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांची संख्यांची जाण वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत तशी वाढ दिसली नाही. पुढच्या अभ्यासात शंभरापर्यंतचा पट घेतला तेव्हा आणखी बारीक गोष्ट कळली. पाचाच्या घरात असताना दोन पडले तर ‘सहा, सात’ म्हणत सरकलेली मुलं शिकली. ‘एक, दोन’ म्हणत सरकलेली तेवढी शिकली नाहीत. पट तोच, सोंगटी तीच. आपली सापशिडी एका ओळीत डावीकडून आणि दुसऱ्या ओळीत उजवीकडून जाते, म्हणून सुरुवातीला ती नको. अंगणात खडूने आखलेली सरळ पट्टी बरी, आणि मुलाला दिसत नसेल तर तीच पट्टी सुतळीच्या गाठींची. ज्ञानरचनावादाच्या लाटेत आपल्या शाळांच्या फरशा अंकांनी रंगल्या, ते चांगलंच झालं. पण रंगवलेली फरशी अंध मुलाच्या पायाला कोरीच लागते, हे रंगवताना कुणाच्या ध्यानात आलं असतं तर काठाला दोरी चिकटवायला वेळ लागला नसता. बोटांबद्दलही बोलायला हवं. पेरांवर मोजणं ही आपल्याकडची जुनी रीत. ‘बोटं मोजू नकोस’ म्हणून ती बंद करणारा शिक्षक मुलाच्या हातातलं एकमेव कायमचं साधन काढून घेतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या साधनांचा इतिहास सगळ्या शाळांनी वाचावा असा आहे. एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ‘न शिकू शकणारी’ म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठी हाताळायचं साहित्य केलं. मारिया माँटेसरींनी रोममध्ये अशाच मुलांबरोबर ते वापरलं, वाढवलं, आणि मगच सर्वसाधारण मुलांकडे नेलं. आज शहरांतल्या महागड्या बालवाड्यांत अकरा ते नव्याण्णव शिकवणारी जी लाकडी पाटी असते तिला सेगँचंच नाव आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच तत्त्व बिया, शंख-शिंपले, दगड, पानं यांवर आणून ठेवलं, कारण आदिवासी पाड्यावर इटलीहून मणी येणार नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूरच्या गावांत आजही तो मार्ग खुला आहे. तुरीचे दाणे सुटे आणि दहा दाण्यांची पुडी म्हणजे दशक; साहित्य मिळत नाही ही तक्रार चौथीपर्यंत तरी टिकत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. डेव्हिड उटल यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं आहे की साहित्य जितकं खेळण्यासारखं आकर्षक, तितकं मुलाला त्यातून संख्या वेगळी काढणं जड जातं. मूल हत्ती मोजत नाही, हत्तीशी खेळतं. म्हणून एकाच आकाराचे साधे ठोकळे बरे. आणि ज्या मुलाला पुढे दुकानात नोट मोडायची आहे त्याला खेळातल्या नोटांवर फार काळ ठेवू नये. शेगावात भाविकांची रोजची वर्दळ, खामगावची बाजारपेठ, गावोगावचे आठवडी बाजार, या जागी खऱ्या पैशांचा सराव होतो. वीसची नोट देऊन बाराची वस्तू घेतली तर परत किती, हे तिथे शिकलेलं तिथेच वापरता येतं.

बहिऱ्या मुलांचं गणित मागे राहतं तेव्हा दोष संख्येत क्वचितच असतो. संशोधक टेरेझिन्हा न्यूनेस यांनी वर्षानुवर्षांच्या कामातून मांडलं की बहिरेपण हे गणितातल्या अपयशाचं कारण नसून धोका आहे. ऐकणारं मूल शाळेत येण्याआधी घरातल्या बोलण्यातून ‘अजून दोन दे’, ‘अर्धीच घे’ असं हजारदा ऐकून येतं, बहिऱ्या मुलाला ते मिळालेलं नसतं. म्हणून त्याचं साधन म्हणजे चित्र, रेघ, हावभाव आणि सांकेतिक भाषा. ‘रामजवळ सोयाबीनची काही पोती होती, त्यातली सात विकल्यावर पाच उरली’ हे गणित त्याला जड जातं ते मराठी वाक्यामुळे. तेच डावीकडून उजवीकडे क्रमाने चित्रात मांडलं, विकलेल्या पोत्यांवर फुली मारली, की वजाबाकीची जाण आधीपासून होती हे दिसतं. मेंदूच्या पक्षाघातामुळे पेन्सिल धरता न येणाऱ्या मुलाचं तर याहून सरळ आहे. अंकांच्या मोठ्या चकत्या सरकवू द्या, तेही नाही तर नजरेने दाखवू द्या. उत्तर येतं की नाही हे अक्षरावरून ठरवायचं कारण नाही.

मग अडतं कुठे? समग्र शिक्षा आणि सहायक साधनांसाठीची एडीआयपी या योजनांतून साहित्य येतं. कानपूरच्या अलिम्को आणि सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेट्या शिबिरांत वाटल्या जातात. पण चष्मा जसा नंबर काढून देतात तसं साधन मुलागणिक ठरायला हवं. एकाच नंबरचे शंभर चष्मे वाटले तर ते खिशातच राहणार. हाताळायच्या साहित्यावरच्या ५५ अभ्यासांचा २०१३ साली एकत्र आढावा घेतला गेला. साहित्याने फायदा होतो, पण शिक्षकाचं स्पष्ट मार्गदर्शन सोबत असेल तिथे तो जास्त भरवशाचा ठरतो, असं त्यातून दिसलं. मार्गदर्शन करणार कोण? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिकला १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. बुलढाण्यासारख्या तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात, जिथे गावच्या शाळेत असं मूल एखाद-दुसरंच असतं, तिथे हे प्रमाण कागदावर पाळूनही विशेष शिक्षक त्या मुलापर्यंत अधूनमधूनच पोचणार. म्हणून अबॅकस, टेलर फ्रेम, सरळ पट यांचं हातात धरून प्रशिक्षण वर्गशिक्षकालाच मिळायला हवं, आणि ते जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, गट साधन केंद्राला जमण्यासारखं आहे. द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक यावर म्हणेल की चार वर्ग सांभाळताना एका मुलासाठी वेगळं कधी करू? त्याचा प्रश्न रास्त आहे. पण माळ, कार्डं, सरळ पट हे सगळ्या वर्गालाच लागतं; वेगळा वेळ लागतो तो फक्त अबॅकसच्या आणि ब्रेलच्या मुलाला, आणि तिथे मात्र तो दिलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: व्यवहारापुरतं आलं की पुरे, उगाच मुलाला कशाला रगडायचं? राज्य मंडळाच्या सवलतीमागेही काहीसा हाच विचार आहे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येत आला आहे. सवलत हवीच, तिने कितीतरी मुलं दहावी ओलांडू शकली. एकेकाळी हे प्रमाणपत्र मुंबईतल्या मोजक्या रुग्णालयांतूनच मिळायचं, आणि बुलढाण्याहून मुंबई चारशे किलोमीटरहून लांब, म्हणजे ही सवलतही शहरापुरतीच उरली होती. पण सवलत हा शेवटचा उपाय असावा. साधन, जादा वेळ, कॅल्क्युलेटर, पाढ्यांचा तक्ता हे सगळं देऊनही जमत नसेल तर ती घ्यावी. आंध्रच्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर अंध म्हणून विज्ञान शाखा नाकारली होती; त्यांनी कोर्टात भांडून ती घेतली, बारावीत ९८ टक्के मिळवले आणि एमआयटीत शिकले. सगळी मुलं बोल्ला होणार नाहीत, तशी सगळी डोळस मुलंही होत नाहीत. तरी डोळस मुलाला कुणी आठवीतच सांगत नाही की तुला त्रिकोणमिती कशाला. कॅल्क्युलेटरने मूल आळशी होईल ही भीती पाढे पाठ होऊ शकणाऱ्या मुलाबाबत खरी असेल. ज्याच्या स्मरणात सात आठे छप्पन्न टिकतच नाही त्याला भागाकाराची रीत, टक्केवारी, व्याज यापासून पाढ्यांच्या दाराशीच रोखून धरण्यात कसलं शिक्षण आहे?

पैशाचा प्रश्नही सांगितला जातो तेवढा मोठा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, अध्ययन साहित्य आणि सहायक साधनं मोफत देणं ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी केली आहे, आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. गावात अंध मूल असेल तर त्याला अबॅकस आणि टेलर फ्रेम या निधीतून सहज घेता येतात. त्यासाठी ग्रामसभेत मुलाचं नाव घेऊन मागणी करावी लागते, एवढंच. राहते एक अडचण, तिची नोंद मात्र कुठल्याच योजनेत धड होत नाही. गावची शाळा चौथी-पाचवीला संपते, मूल तालुक्याच्या गावी दुसऱ्या संस्थेच्या हायस्कूलला जातं, आणि अबॅकस जुन्या शाळेच्या साहित्य नोंदवहीत चढलेला असल्याने तिथेच कपाटात राहतो. नव्या शाळेत गणिताच्या पहिल्या तासाला हे मूल पुन्हा ब्रेल पाटी घेऊन बसतं. साधन शाळेच्या नावावर न चढवता मुलाच्या नावावर चढवावं; कुठलं साधन, कुठल्या कृतीपर्यंत येतं, परीक्षेत मूल काय वापरतं, हे त्याच्या वैयक्तिक आराखड्यात लिहून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पुढे पाठवावं. शिक्षणाधिकाऱ्यांच्या एका पत्राने जिल्हाभर हे येत्या जूनपासून सुरू होऊ शकतं.